वारा होता, साहेब

त्याला सगळे शेपटीवाला म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या छोट्या विमानामागे जाळीवर शिवलेली मोठाली कापडी अक्षरं असायची. कधी साबणाचं नाव, कधी चपलांचा सेल, कधी नवा सिनेमा. ती शेपटी घेऊन तो शहरावरून जायचा आणि खाली माणसं माना वर करून वाचायची. हेच करायचं होतं तर विमान कशाला शिकलात, पतंग उडवायचा होता, असं सासऱ्यांनी लग्नाआधीच त्याला तोंडावर सुनावलं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो राग त्याने जपून ठेवला होता.

स्वतःच्या कामाचा मात्र त्याला भलता अभिमान. या धंद्यात एकच गोष्ट यावी लागते, असं तो म्हणायचा, ती म्हणजे सरळ उडणं. रस्त्यावरचा माणूस घाईत असतो, मान वर करतो तीही उपकार केल्यासारखी. ती मान अवघडायच्या आत त्याचं वाचून झालं पाहिजे. तेव्हा विमान हळू हवं, उंची तीच हवी, दिशा तीच हवी, आणि वळताना असा ऐसपैस वळसा घ्यायचा की कापडाला चुणी पडता कामा नये. बाकीचे वैमानिक गिरक्या घ्यायचे, कोलांट्या मारायचे, पोरींना दाखवायला पुलाखालून जायचे. हा आपला आखल्यासारखा सरळ. "काय कंटाळवाणा उडतोस रे," असं कोणी म्हटलं की त्याला पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

अक्षरं बायको शिवायची. मैदानात दोन खांब उभे करून त्यांच्यावर दोर ताणायचं काम बायकोच्या धाकट्या भावाचं. विमान खाली झेपावायचं, त्याच्या शेपटाखालच्या आकड्यात दोर अडकायचा आणि कापड उचललं जायचं. खांब जरा वाकडे लागले की आकडा हुकायचा आणि पुन्हा सगळा वळसा. मेहुण्याचे खांब बहुतेक वाकडेच असायचे, कारण त्याचे हात खांबाशी आणि तोंड भलतीकडे. घरात त्याला लाडोबा म्हणत. आई गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता. बहिणीनेच त्याला वाढवलं, आणि लग्न करून आली ती त्याला कडेवर घेऊनच. "तुझ्या माहेराने मला दिलं काय? हे!" असं शेपटीवाला त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा. लाडोबा आता चांगला बाप्या झाला होता, तरी बोट दाखवणं थांबलं नव्हतं.

"दाजी, वळायच्या आधी तुमचा डावा पंख जरासा खाली पडतो. माहितीये तुम्हाला?" लाडोबाने एकदा विचारलं.

"तू खांब बघ."

"नाही, खालून दिसतं ना, म्हणून म्हटलं."

"खालून खांब दिसत नाहीत का? ते बघ!"

मग लढाई सुरू झाली. एके सकाळी फ्लाइंग क्लबच्या मैदानावर सैन्याची जीप आली आणि क्लबच्या सगळ्या विमानांबरोबर याचंही विमान सरकारजमा झालं. त्या जुन्या खटाऱ्याचं इंजिन दुसऱ्या कोणाच्या हाताने सुरूच होईना, तेव्हा मालकालाही उचललं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला गणवेश मिळाला, तो पोटावर घट्ट आणि खांद्यात ढगळ. सलाम कोणाला ठोकायचा आणि कोणाला नाही हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. एकदा त्याने कॅन्टीनच्या आचाऱ्याला सलाम ठोकला आणि मागून येणाऱ्या साहेबांना "जरा बाजूला व्हा" म्हणाला. ते साहेब इतके ताठ आणि कडक की सगळे त्यांना पाठीमागे इस्त्री म्हणत. वयाने ते याच्यापेक्षा पुष्कळ लहान. उडायला जायच्या आधी यांना विचारायचं, उतरल्यावर यांना सांगायचं, मध्ये पाणी प्यायचं तरी यांना सांगून प्यायचं. याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काम तेच होतं, फक्त अक्षरं गेली. जमिनीवरून विमानं पाडणाऱ्या तोफांवर नव्या पोरांना नेम शिकवायचा होता, आणि नेमाला काहीतरी हवं. म्हणून याच्या विमानामागे लांब दोराने कापडाचा एक मोठा नळा बांधायचे, दोन्ही तोंडं उघडी, वाऱ्याने फुगणारा. तो घेऊन याने किनाऱ्यावरून फेऱ्या मारायच्या आणि खालून पोरांनी त्यावर गोळ्या झाडायच्या. बायकोला छावणीच्या शिवणखोलीत काम मिळालं होतं. ती त्या नळ्याला बाही म्हणायची, म्हणून हळूहळू सगळेच बाही म्हणायला लागले.

गोळी कोणाची लागली हे कळायला एक सोपी युक्ती होती. प्रत्येक पोराच्या गोळ्यांची टोकं वेगळ्या ओल्या रंगात बुडवायचे. बाहीला भोक पडलं की त्याच्या कडेला तो रंग लागायचा. बाही खाली आली की शिवणखोलीतल्या लांब टेबलावर पसरायची, हवालदार येऊन भोकं मोजायचा, आणि तो गेला की बायका ठिगळं लावायच्या. पोरांची नावं कोणाच्या लक्षात राहायची नाहीत. निळा, लाल, हिरवा अशीच त्यांची ओळख.

पहिल्या दिवशी गोळ्या बाहीला सोडून याच्याच शेपटाजवळून गेल्या. उतरल्या उतरल्या तो तोफांपाशी गेला. "एवढं लांब कापड लटकतंय मागे, ते दिसत नाही? मी काय तुमचं घोडं मारलंय?" पोरं माना खाली घालून हसत होती. नंतर मात्र त्यांचा हात बसला. याचं उडणंच असं की बाही हवेत खुंटीला टांगल्यासारखी स्थिर. तुकडी शिकून तयार झाली तेव्हा टेबलावर पसरलेल्या बाहीची चाळणी झालेली असायची. निळी भोकं सगळ्यांत जास्त. वरून शाबासकी आली, इस्त्रीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा याच्याशी हात मिळवला, आणि तुकडी ट्रकमध्ये बसून आघाडीवर गेली. त्या दिवशी शेपटीवाला घरी गुणगुणत आला.

पुढच्या तुकडीत लाडोबा भरती झाला. कोणालाही न विचारता. बहीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी इतकं बोलली की तोच घराबाहेर जाऊन बसला. त्याला रंग मिळाला पिवळा. पहिल्याच आठवड्यात त्याच्या बढाया सुरू झाल्या. "ताई, आज किती पिवळी होती? माझीच जास्त ना? दाजी, तुम्ही वर आहात म्हणून जरा जपून मारतो, नाहीतर..."

"नाहीतर काय, मला पाडणार होतास? खांब कधी सरळ लावता आले नाहीत आणि निघाले विमानं पाडायला," शेपटीवाला म्हणाला. पण आतून तो खूश होता. घरातलंच पोर, आपल्याच बाहीवर शिकतंय.

आणि मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये निळा दिसला. पहिल्या तुकडीतला तोच निळा. एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हाताने चहा पीत होता.

"अरे, निळोबा! काय, पाडलीस का विमानं?" शेपटीवाला समोर बसत म्हणाला.

निळा हसला नाही. "काका, ती तुमच्यासारखी येत नाहीत हो."

"म्हणजे? कशी येतात?"

निळ्याने चमचा उचलला, हवेत धरला, दाखवायला गेला आणि परत खाली ठेवला. "कशीही येतात. सरळ सोडून कशीही. आम्ही नेम धरेपर्यंत तिथे नसतातच."

"आणि लाल? हिरवा?"

"आमच्या तोफेवरचा मी एकटाच आलो," निळा म्हणाला. मग त्याने चहा संपवला, "येतो काका," म्हणाला आणि गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर शेपटीवाल्याला उलट बरं वाटलं असतं.

तो तसाच उठून इस्त्रीसाहेबांच्या खोलीत घुसला. सलाम राहिलाच.

"साहेब, मी पोरांना चुकीचं शिकवतोय. मी रस्त्यावरच्या लोकांना वाचता यावं म्हणून असा उडतो. शत्रू काय साबण विकायला येतो?"

साहेबांनी मान वर केली. "तुम्हाला वाटतं हे मला कळत नाही?"

"कळतं तर मग..."

"पुढे तोफा उभ्या आहेत आणि त्यांच्यामागे माणसं नाहीत. मला सांगितलंय, माणसं पाठवा. तुम्ही वाकडे उडलात तर एकही पोरगा पास होणार नाही. मग मी काय पाठवू, तुमच्या बायकोची ठिगळं?"

"बाकी काहीही पाठवा साहेब, पण असली पोरं पाठवू नका!"

"सरळ उडायचं," साहेब म्हणाले. "हा हुकूम आहे. आणि खोलीत येताना सलाम करायचा."

दुसऱ्या दिवशी शेपटीवाला बाही घेऊन वर गेला आणि किनाऱ्यावर येताच त्याने विमान एकदम खाली सोडलं. मग डावीकडे ओढलं, मग वर, मग अर्ध्यातच उजवीकडे. जन्मात असं उडला नव्हता. दोर कचकचत होता, बाही मागे वेड्यासारखी फडफडत होती. खाली तोफा धडधडत राहिल्या आणि टेबलावर पसरली तेव्हा बाही कोरी करकरीत होती.

"काय चाललं होतं वर?" इस्त्रीसाहेबांनी विचारलं.

"वारा होता, साहेब."

साहेबांनी धावपट्टीच्या कडेच्या वारा दाखवणाऱ्या कापडाकडे पाहिलं. ते ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही वारा होता. नंतर रोजच वारा असायला लागला. पोरं वैतागली, हवालदार वैतागला, शिवणखोलीतल्या बायका मात्र ठिगळं कमी म्हणून खूश. एका संध्याकाळी साहेब स्वतः हँगरमध्ये आले. निळा त्यांनाही भेटून गेला होता. विमानाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "उद्याही वारा असणार का?"

"असणार, साहेब."

"असू दे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

घरी मात्र रणधुमाळी. "दाजी मुद्दाम करतात, ताई! मला नापास करायचंय त्यांना! मी तुकडीत सगळ्यांच्या पुढे होतो!" लाडोबा ताटावरून उठून गेला. बायकोने भांडं आपटलं. "पोराच्या तोंडचा घास काढलात. काय बिघडलं होतं सरळ उडायला? वीस वर्षं उडलातच ना?"

शेपटीवाल्याने तिला निळ्याचं सांगितलं. लाल आणि हिरव्याचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. आपटलेलं भांडं तिने उचलून जागेवर ठेवलं.

त्यानंतर तिचं वागणंच बदललं. वाकड्या बाहीवरही हळूहळू भोकं पडायला लागली होती. आधी एखाददुसरं तपकिरी, मग जांभळं, मग करडं. पोरं शिकत होती. ज्याला जमलं तो पास होऊन आघाडीवर जात होता. पिवळं मात्र एकही नव्हतं. लाडोबा रोज नापास होत होता आणि रोज बहीण खुशीत घरी येत होती. "आजही पिवळं नाही!" असं ती दारातूनच सांगायची, सोडतीत नंबर लागल्यासारखं. नवऱ्याच्या ताटात आता सगळं आधी पडायला लागलं.

"छान उडता हो तुम्ही," ती एकदा म्हणाली. संसारात पहिल्यांदा. "असंच उडत राहा."

आणि यावर शेपटीवाला भडकला. "अगं, मी त्याला नापास करायला उडत नाहीये! त्याने शिकावं म्हणून उडतोय! हा गाढव शिकत नाही आणि तू आनंदाने नाचतेस!" बोलून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं की आपणही रोज उतरल्यावर आधी पिवळं शोधतो, आणि दिसलं नाही की आपलाही जीव भांड्यात पडतो. मग तो स्वतःवरच वैतागला. पोर शिकलं पाहिजे म्हणून घसा कोरडा करायचा आणि शिकलं नाही म्हणून सुस्कारा सोडायचा, हा काय प्रकार? दुसऱ्या दिवशी त्याने विमान आणखीच आडवंतिडवं फिरवलं.

शेवटी ते भोक पडलंच. हवालदार अजून यायचा होता. शेपटीवाला शिवणखोलीत शिरला तर बायको टेबलाशी एकटीच उभी. बाहीच्या शेवटाकडे एकच भोक होतं आणि त्याच्या कडा पिवळ्याधमक होत्या.

दोघं भोकाकडे पाहत राहिले.

"हे धरायचं नाही," तोच घाईघाईने म्हणाला. "तो मला ओळखतो. वळायच्या आधी माझा डावा पंख पडतो, हे त्याला खांब धरायचा तेव्हापासून माहितीये. शत्रूचा पंख थोडाच त्याच्या ओळखीचा असणार?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. हवालदार चहा पिऊन येईपर्यंत तिने ठिगळ लावून टाकलं होतं. संध्याकाळी लाडोबाने विचारलं, "ताई, मला वाटलं आज एक लागली." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नाही रे." शेपटीवाल्याने मान खाली घालून जेवण संपवलं. तो घास त्याला गोड लागला नाही, पण गिळला.

त्या रात्री त्याने मनाशी ठरवलं, उद्या डावा पंख पाडायचाच नाही. जी खोड खालून दिसते ती एकेक मोडायची. सकाळी वर गेल्यावर त्याने उलट आधी उजवा पंख पाडून मग एकदम डावीकडे वळायला सुरुवात केली, मध्येच इंजिन मंद केलं, सूर्याकडून आला, जे कधी केलं नव्हतं ते सगळं केलं. हात दुखून आले. हा माणूस कोण उडतोय ते त्याचं त्यालाही ओळखू आलं नसतं. खाली लाडोबाची पाळी आली तेव्हा तोफ आधी गप्प होती. मग थोडी बोलली आणि पुन्हा गप्प झाली. त्याला ते आवडलं नाही. घाबरलेला पोरगा थांबून नेम धरत नाही, नुसता धडाधडा झाडत सुटतो.

शिवणखोलीत आला तेव्हा बायकोच्या हातात सुई होती, ओवलेली. बाहीवर शेजारी शेजारी तीन भोकं. तिन्ही पिवळी. हाताच्या पंज्याने झाकता येतील इतकी जवळ.

"आजही पंख पडला असेल तुमचा," ती म्हणाली.

त्याने भोकांवर पंजा ठेवून पाहिला. खोटं जिभेवर होतं, पण ते बाहेरच येईना.

"सांगा ना. पडला होता ना पंख?"

"नाही," तो म्हणाला. "आज काहीच पडलं नव्हतं. आज तो शिकलाय."

ती सुई धरून तशीच उभी राहिली. बाहेर हवालदाराचे बूट वाजले, आणि त्याच्या मागून लाडोबाचं तोंड, बोलतच येणारं. "हवालदारसाहेब, आज नक्की लागल्यात, तुम्ही बघाच! दाजी आज काय उडाले माहितीये? म्हटलं हे दाजी नव्हेतच!" ठिगळ लावायला अजूनही वेळ होता. भराभर चार टाके घातले असते तर झालं असतं. तिचे हात किती चपळ आहेत हे नवऱ्याइतकं कोणाला ठाऊक?

तिने सुई टाचण्यांच्या उशीत खुपसली आणि बाही दाराकडे ओढून नीट पसरली.

"ये," ती भावाला म्हणाली. "लागल्यात. तीन."

लाडोबा ओरडला, नाचला, हवालदाराला मिठी मारायला गेला, मग बहिणीला मारली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "तिकडे येणारे सगळे तुमच्यासारखे असू देत," ती हळूच म्हणाली. "आधी होतात तसे." मग ती तोंड फिरवून दुसऱ्या बाहीची घडी घालायला लागली, ती आधीच घातलेली होती.

लाडोबाचा ट्रक निघाला त्या सकाळी सराव नव्हता. तरी शेपटीवाला विमान घेऊन वर गेला, कोणालाही न विचारता, मागे तीन नव्या ठिगळांची बाही लावून. आघाडीकडच्या रस्त्यावर त्याने ट्रक गाठला आणि त्याच्यावरून तो त्याच्या जुन्या पद्धतीने गेला. हळू, एका उंचीवर, रेघ ओढल्यासारखा. ट्रकमधली पोरं माना वर करून पाहत होती. त्यांतलं एक उभं राहिलं. लाडोबाच. त्याने तोफ धरल्यासारखे दोन्ही हात वर उचलले आणि विमानाबरोबर फिरवत नेले. शेपटीवाल्याने वरून नीट पाहिलं. हात विमानाकडे नव्हते. विमान जिथे जाणार होतं तिथे, नाकाच्या थोडे पुढे होते. अगदी जिथे असायला हवेत तिथे.

त्याला वाटलं, एकदा तरी झटका द्यावा, सुटून दाखवावं. पण तो सरळ उडत राहिला, ट्रक वळणाआड जाईपर्यंत.

उतरला तेव्हा धावपट्टीच्या कडेला इस्त्रीसाहेब उभे होते. विनापरवानगी उड्डाणाला काय शिक्षा असते हे दोघांनाही माहीत होतं. वारा दाखवणारं कापड आडवं होऊन फडफडत होतं, धूळ उडत होती.

"काय चाललं होतं वर?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनीच सबब पुढे केली, "वारा होता का?"

शेपटीवाल्याने आज सलाम ठोकला, आणि तो बरोबर हाताने.

"नव्हता, साहेब," तो म्हणाला. "आज वारा अजिबात नव्हता."